खान्देशच्या उन्हात घरची बाग: पहिल्यांदा लावताना काय करायचं

होळी झाली की आमच्या कॉलनीतल्या दोघी-तिघी तरी मला विचारतात, ताई औंदा गच्चीवर भाजीपाला लावायचाय, काय काय आणू. आणि मी दरवर्षी तेच सांगते की आत्ता काहीच आणू नका, बी पण नको न् कुंडी पण नको, फक्त दुपारी दोनला गच्चीवर जाऊन चप्पल न घालता उभं राहून बघा. जिथं आपला पाय टेकत नाही तिथं चार पानांचं रोप कसं टिकेल? भुसावळ-जळगावला काही वर्षी पारा ४५ च्या वर जातो, धुळं-नंदुरबार पण फार मागं नसतं, आणि मोबाईलवर जे व्हिडिओ आपण बघतो ते बऱ्याचदा पुण्या-मुंबईच्या हवेतले असतात. तिथं मार्चमध्ये टोमॅटो लावा म्हणतात म्हणून मी पण पहिल्या वर्षी एका नर्सरीतून मार्चमध्ये टोमॅटोची दहा रोपं आणली होती, चांगली उंच-उंच होती, मला वाटलं उंच म्हणजे भारी. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, एकही राहिलं नाही. फुलं यायची आणि गळून जायची, नंतर पानं वळली, नंतर काडी राहिली. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. नंतर कळलं की दिवसाचं तापमान ३५ च्या पुढं गेलं आणि रात्रीपण गारवा नसला की टोमॅटोचं फूल टिकतच नाही, मग पाणी कितीही घाला न् खत कितीही घाला.

म्हणून हा लेख आपल्याकडच्या उन्हाच्या हिशोबानं लिहितेय. मी धुळ्यात राहते, माहेर चोपड्याकडचं, शेतकऱ्याच्या घरातली आहे पण कुंडीतली शेती वेगळी असते हे मला करूनच कळलं. ज्यांनी कधी काही लावलं नाही त्यांनी सुरुवातीपासून वाचा, ज्यांची झाडं जगत नाहीत त्यांनी माती आणि पाण्याचं तेवढं नीट वाचा.

सुरुवात कधी करायची

आपल्याकडं सुरुवातीला दोनच वेळा चांगल्या. एक पाऊस नीट लागल्यावर, म्हणजे जूनचा शेवट ते जुलै, आणि दुसरी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. मृग ७-८ जूनला लागतं पण पहिल्या सरीवर भुलायचं नाही, शेतकरी पण दुबार पेरणीला याच्यामुळंच अडकतो, पहिला पाऊस येतो आणि मग पंधरा दिवस कोरडे जातात, ऊन पुन्हा तापतं आणि उगवलेलं करपतं. घरी पाणी हातात असतं हे खरं, पण कोवळ्या रोपाला नुसतं पाणी पुरत नाही, हवा पण गार लागते.

अगदीच पहिल्यांदा करत असाल तर मी म्हणेन ऑक्टोबरमध्ये मेथीपासून सुरू करा. आपला हिवाळा पालेभाज्यांसाठी इतका चांगला आहे की काही चुकलं तरी भाजी मिळतेच, आणि पहिली जुडी स्वतःच्या हातानं कापली ना की मग पुढचं सगळं शिकायला उत्साह येतो.

जागा बघणं

वांगी, मिरची, टोमॅटो, वेल यांना दिवसाला सहा तास तरी ऊन पाहिजे. मेथी, पालक, कोथिंबीर चार तासांवर पण भागवतात. एक दिवस सुट्टीचा बघून सकाळी आठला, अकराला, दोनला आणि पाचला मोबाईलवर गच्चीचा किंवा अंगणाचा फोटो काढून ठेवा, सावली कुठून कुठं सरकते ते लगेच दिसतं. पूर्वेकडची जागा सोन्यासारखी, कारण सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं. पश्चिमेची भिंत मात्र संध्याकाळी सात-आठपर्यंत गरम राहते, तिला चिकटून कुंडी ठेवली की झाडाला रात्रीपण शेक लागतो, तिथं हातभर अंतर सोडा.

गच्ची असेल तर वजनाचा विचार आधी करा. १२ बाय १२ इंचाच्या गोल ग्रो-बॅगमध्ये साधारण २२ लिटर माती मावते, पाणी दिल्यावर ती एकटी २५ किलोच्या आसपास भरते, म्हणजे दहा पिशव्या म्हणजे अडीच क्विंटल. स्लॅबच्या मधोमध गर्दी करू नका, कडेनं, भिंती आणि बीमच्या वर ठेवा. खाली दोन विटा ठेवून पिशवी उचललेली पाहिजे म्हणजे पाणी निघून जातं आणि स्लॅब ओला राहत नाही. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरावर मात्र मातीच्या पिशव्या चढवूच नका, त्या घराला अंगणातच बाग करा.

भांडं कोणतंही चालतं. तेलाचा १५ लिटरचा डबा, रंगाची बादली, फुटका टब, सिमेंटची गोणी. फक्त खाली बोटाएवढी पाच-सहा भोकं हवीत आणि बाजूला खालच्या भागात पण दोन-तीन. एकच भोक पाडलं तर ते मातीनं बुजतं आणि पावसाळ्यात झाड आतून सडतं. काळ्या प्लास्टिकची कुंडी आपल्या उन्हात फार तापते, तिला बाहेरून चुना मारा किंवा बारदान गुंडाळा, फरक हात लावून कळतो. खोलीचं म्हणाल तर मेथी-कोथिंबिरीला सहा इंच, मिरची-वांग्याला एक फूट, गिलक्या (घोसाळ्या)-दोडक्याला सव्वा फूट.

माती, इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

आपल्याला वाटतं आपली काळी माती म्हणजे कसदार, कापूस-केळी पिकवणारी, मग कुंडीत पण तीच भरू. मी पण शेतातून दोन गोण्या आणून तशीच भरली होती. शेतात ती माती खोल असते, भेगा पडतात, गांडुळं असतात, तिथं ती स्वतःला सांभाळते. कुंडीत ती पाण्यानं फुगते आणि लोण्यासारखी गच्च बसते, मुळांना हवा मिळत नाही, आणि सुकली की दगड होते, भांड्याच्या कडेपासून सुटते आणि मग वरून दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. आपण समजतो पाणी दिलं, झाड तहानलेलंच राहतं.

तर प्रमाण असं धरा: एक घमेलं काळी माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेलं हलकं काहीतरी. हे हलकं म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), नसेल तर नदीची जाडी वाळू थोडी आणि भाताचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं चुरून. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की ६०-७० लिटर होते, एवढ्यात खूप कुंड्या होतात, पण भिजवून एकदा पाणी काढून टाका कारण त्याच्यात कधी कधी खार असतो. या मिश्रणात एका पिशवीमागं दोन मुठी निंबोळी पेंड घाला. सगळं कालवून, ओलसर करून, मुठीत दाबून बघा. गोळा व्हायला पाहिजे आणि बोटानं टोचला की फुटायला पाहिजे. नुसता गोळाच राहिला तर हलकं अजून घाला, गोळा झालाच नाही तर माती घाला. मोजमापापेक्षा ही मुठीची परीक्षा जास्त खरी आहे.

शेणखताबद्दल एक सांगते. ताजं शेण कुंडीत घालायचं नाही. ते कुजताना तापतं, मुळं भाजतात, आणि अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीची अळी येते, ती पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली. ती मुळं खाते आणि चांगलं उभं झाड एका सकाळी मान टाकतं. खत घेताना हातात घेऊन वास घ्या. चांगल्या खताला पहिल्या पावसाचा वास येतो, शेणाचा येत नाही. आणि पसरवून बघा, अळ्या दिसल्या तर कोंबड्यांना, चिमण्यांना खाऊ द्या.

काळ्या, चुनखडीच्या मातीचा अजून एक त्रास म्हणजे नवीन पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. गोडलिंबाला (कढीपत्त्याला), गुलाबाला, मोगऱ्याला हे आपल्याकडं हमखास दिसतं. लोक म्हणतात पाणी कमी पडलं आणि अजून पाणी घालतात, पण हे लोहाचं काम आहे. जमिनीत लोह असतं, चुन्यामुळं मुळांना ते उचलता येत नाही. कृषी केंद्रात हिराकस (फेरस सल्फेट) मिळतं, लिटरभर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम हिराकस आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. नवीन पान हिरवं निघायला लागतं.

पहिल्यांदा काय लावायचं

सुरुवातीला चार-पाच प्रकारच्या वर जाऊ नका. मी सांगते तो क्रम असा आहे.

मेथी. घरातल्या डब्यातली मेथी चालते, बाजारातून बी आणायची गरज नाही. रात्रभर भिजवा, सकाळी मातीवर पसरा, वरून अर्ध्या बोटाचा मातीचा थर आणि हलक्या हातानं पाणी. तीन ते पाच दिवसांत उगवते, २५ ते ३० दिवसांत कापायला येते. मुळासकट उपटू नका, दोन बोटं वर ठेवून कात्रीनं कापा, अजून एकदा येते.

कोथिंबिरीचं बी म्हणजे आपले धणे, पण आख्खा धणा टाकायचा नाही. चप्पल किंवा लाटण्यानं हलकं रगडून त्याचे दोन भाग करायचे, कारण एका धण्यात दोन बिया असतात. नंतर आठ-दहा तास भिजवा. उगवायला आठ-दहा दिवस घेते, तेवढ्यात बरेच जण कंटाळून कुंडी उकरून बघतात, उकरू नका. ४० दिवसांत कापायला येते. आणि मार्चनंतर कोथिंबीर लावली तर ती पानं करायच्या आधीच फुलावर जाते, तो तुमचा दोष नाही, उन्हाचा आहे.

पालक आणि मुळा मेथीसारखेच सोपे, मुळ्याला खोल भांडं द्या म्हणजे झालं.

मिरची. दोंडाईचा-नंदुरबारच्या मिरचीचा आपला मुलूख, घरात दोन झाडं तर पाहिजेच. बियांपासून करायचं असेल तर पुसा ज्वाला घ्या. रोप लावण्याजोगं व्हायला ३५ ते ४० दिवस लागतात, लावल्यावर दोन महिन्यांनी मिरच्या तोडायला मिळतात. नर्सरीतून रोप घेत असाल तर उंच घेऊ नका, एक वीत उंचीचं, जाड दांड्याचं, गडद हिरवं घ्या आणि पान उलटं करून खाली माशा-किडे आहेत का ते बघा. मिरचीचं झाड नीट सांभाळलं तर दुसऱ्या वर्षीपण मिरच्या देतं, पाऊस लागला की वरून तिसरा हिस्सा छाटायचं आणि खत द्यायचं.

भेंडी पण नव्या माणसाला जमते. परभणी क्रांती हे सरळ वाण आहे, केवडा रोगाला, म्हणजे ती पानं पिवळी जाळीदार होतात ना त्याला, बऱ्यापैकी दाद देत नाही. बी रात्रभर भिजवून सरळ कुंडीतच टोचा, तिला उपटून दुसरीकडं लावलेलं आवडत नाही.

भरिताचं वांगं

हे मी वेगळं लिहितेय कारण खान्देशात राहून घरचं भरिताचं वांगं नसेल तर कसं चालेल. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, हिरवं, मोठं, कमी बियांचं, आसोदा-बामणोद भागातलं. ते वांगं कुंडीत पण येतं, फळं थोडी लहान येतात, चव मात्र तीच.

याचा हिशोब चंपाषष्ठीपासून उलटा करायचा. आमच्याकडं चातुर्मासात वांगं खात नाहीत, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच घरात वांगं शिजतं. ती येते नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात. तेव्हा फळ हातात पाहिजे असेल तर जुलैच्या सुरुवातीला बी टाका, पाच-सहा आठवड्यांनी, म्हणजे पंधरा ऑगस्टच्या आसपास, रोप मोठ्या पिशवीत लावा. पुढं अडीच महिन्यांत फळं धरायला लागतात. आधी आलेली फळं आम्ही शेजाऱ्यांना देतो, झाडाला पण फळं तोडली की जोर येतो.

एका पिशवीत एकच झाड. कितीही मोकळं दिसलं तरी दुसरं लावू नका. लावल्यावर दहा दिवसांनी बाजूला एक काठी रोवा, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली काडी, चालते, पण मागच्या हंगामातली शेतात पडलेली पऱ्हाटी घरी आणताना आधी चांगली उन्हात वाळवून, झटकून घ्या, त्याच्यात गुलाबी बोंडअळी आणि पिठ्या ढेकूण दडलेले असतात. पहिली दोन-तीन फुलं खुडून टाका, जीवावर येतं पण झाड आधी अंगानं भरलं की पुढं जास्त देतं.

वांग्याचा खरा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. बाकी झाड ताजं असताना एखादाच शेंडा मान टाकलेला दिसला की समजायचं आत अळी आहे. तो शेंडा सुकलेल्या जागेच्या एक इंच खालून कापायचा आणि पिशवीत बांधून फेकायचा, कुंडीतच टाकायचा नाही. रोज सकाळी चहा पिता-पिता एवढी नजर टाकली तरी निम्मं काम होतं, फवारे नंतर.

पाणी

आमच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो, त्या अहिराणीत सांगायच्या, "रोपले पानी दे, पन बुडाडू नको." मला तेव्हा वाटायचं एवढ्या उन्हात जास्त पाणी कसं होईल. पण नव्या माणसाची झाडं उन्हापेक्षा जास्त पाण्यानं मरतात हे मी आता शंभरदा बघितलंय. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तर नक्कीच.

बोट खुपसा. पहिल्या पेराएवढं बोट मातीत घालायचं, ओल लागली तर आज पाणी नाही, कोरडं लागलं तर द्यायचं आणि दिलं की खालच्या भोकातून पाझरेपर्यंत द्यायचं. रोज थोडं-थोडं शिंपडत राहिलं की मुळं वरच राहतात आणि एक दिवस गावाला गेलात की झाड गेलं. दुपारी तीनला पान कोमेजलेलं दिसलं तर घाबरून पाणी घालू नका, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर परत बघा, आपोआप ताठ झालं असेल तर ते फक्त उन्हापासून स्वतःला वाचवत होतं. संध्याकाळीपण मान खाली असेल तर मात्र तहान आहे.

उन्हाळ्यात पाणी सकाळी सातच्या आत, आणि मोठ्या झाडांना संध्याकाळी परत. माझ्या गच्चीवर मे महिन्यात मोठ्या वांग्याच्या पिशवीला दिवसाला दीड-दोन लिटर लागतं. गच्चीवरच्या नळाला आणि पाइपात साचलेलं पाणी दुपारी उकळल्यासारखं असतं, ते सरळ झाडाला लावू नका, बादलीत काढून निवू द्या, मी एकदा सगळी पुदिन्याची कुंडी अशीच घालवली.

आता आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, हे धरूनच बाग करायची. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा, ते झाडांना उत्तम. साबणाचं पाणी पालेभाजीला नको. फिल्टरचं जे पाणी वाया जातं त्याच्यात खार जास्त असतो, रोज तेच घातलं की मातीवर पांढरी पापडी धरते, बोअरच्या जड पाण्यानं पण तसंच होतं. अशी पापडी दिसली की वरची बोटभर माती काढून नवी घाला, आणि महिन्यातून एकदा चांगलं पाणी भरपूर देऊन खार खाली धुऊन काढा. पावसाळ्यात हे काम पाऊस फुकटात करतो.

कमी पाण्यात भागवायचे दोन उपाय आपल्याच मातीतले आहेत. एक मडकं. आखाजीला कुंभाराकडून घागर घेताना दोन-चार लहान मडकी जास्तीची घ्या, आतून-बाहेरून रंग न दिलेली, ती मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि वर झाकण ठेवा. मडकं पाझरत राहतं आणि मुळं त्याच्याभोवती येऊन पाणी पितात. अंगणातल्या वाफ्यात दोन फुटांवर एक मडकं पुरलं की गिलकं, मिरची निवांत जगते. दुसरं ठिबक. जळगाव म्हणजे ठिबकचं गाव, तालुक्याच्या कोणत्याही कृषी केंद्रात १६ एमएमची नळी आणि ड्रिपर मीटरवर, नगावर मिळतात. ताशी ४ लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटं चालवला की एक लिटर पाणी पडतं, म्हणजे हिशोब सोपा. टाकीच्या तोंडाला गाळणी लावायला विसरू नका नाहीतर महिन्याभरात ड्रिपर बुजतात. दहा-बारा पिशव्यांच्या पुढं गेलात आणि अधूनमधून गावाला जायची वेळ येत असेल तरच याच्यात पैसे घाला.

वेल आणि त्यांची फुलं

गिलकं, दोडकं, कारलं, दुधी यांचं बी पाऊस लागल्यावर सरळ जागेवरच टोचायचं, एका जागी दोन बिया, नंतर एक ठेवायची. दोरीचा किंवा जाळीचा मांडव आधी करा, वेल वाढल्यावर करायला गेलं की शेंडे मोडतात. साधारण दीड महिन्यात फुलं येतात आणि मग सगळ्यांचा एकच फोन, ताई फुलं खूप येतायत पण फळ धरत नाही.

आधी नर फुलं येतात, त्यांना फळ येत नाहीच, थोडं थांबा. मादी फुलाच्या मागं बारीकसं फळ दिसतं, ते पिवळं पडून गळत असेल तर परागीकरण झालं नाही. वरच्या मजल्यांवर मधमाशा कमी येतात, मग ते काम आपण करायचं, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागं करून मधला भाग मादी फुलाच्या आत हलकेच फिरवायचा. वेळ मात्र पाळा, कारण गिलक्याचं आणि कारल्याचं फूल सकाळी उमलतं आणि दोडक्याचं, दुधीचं संध्याकाळी. लोक सकाळी दोडक्याच्या वेलाशी जाऊन मिटलेली फुलं उघडत बसतात आणि मग म्हणतात जमलं नाही.

किडी

पानं वाकडी-तिकडी, बोकड्या आल्यासारखी मिरची दिसली तर फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं चिकट दिसलं तर पिठ्या ढेकूण, हा कपाशीवरून येतो आणि आपल्या भागात कपाशी सगळीकडं आहे, म्हणून जास्वंद वांग्या-टोमॅटोपासून लांब ठेवा. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा, फांदीच भरली असेल तर फांदी कापा.

बाकी सगळ्याला पहिला उपाय निंबोळी. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि अर्धा चमचा भांड्याचं पातळ साबण, चांगलं घुसळून, पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. संध्याकाळीच, दुपारी फवारलं तर पानं भाजतात. आठवड्यातून एकदा, तीन आठवडे. एका फवाऱ्यात कीड जात नाही म्हणून कृषी केंद्रातून शेतीचं जहाल औषध आणू नका, ते एकराच्या हिशोबाचं असतं आणि आपण उद्या तीच भाजी पोरांना खाऊ घालणार असतो.

पारवे आणि चिमण्या कोवळे कोंब खातात, पेरल्यावर पंधरा दिवस जुनी साडी किंवा जाळी टाका.

खत

लावल्यावर महिन्याभरानं दर पंधरा दिवसांनी पिशवीमागं दोन मुठी गांडूळखत, एवढं पुरतं. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, करायचं असेल तर १० लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर चांगली माती, सावलीत तीन दिवस, दोन वेळा काठीनं ढवळायचं. एक मग जीवामृत दहा मग पाण्यात घालून द्या. गच्चीवर वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

घरच्या कचऱ्याचं खत करताना ओल्याच्या दुप्पट सुकं घाला. सुकं म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये निंब झडतो तेव्हा रस्त्यावर पडलेला पाला, गोणी भरून ठेवा, वर्षभर पुरतो. बादलीला सगळीकडून भोकं, ओलं-सुकं थर, आठवड्यातून एकदा हलवायचं, दोन-तीन महिन्यांत तयार.

मार्च ते जून

या दिवसांत नवीन काही लावायचं नाही, आहे ते जगवायचं. होळीच्या आसपास ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधून टाका, डोक्यावर सहा-सात फूट उंच, कडा मोकळ्या म्हणजे वारा खेळतो. जाळी झाडाला टेकली की तिथली पानं भाजतात. सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटून घोळक्यात ठेवा, एकीची सावली दुसरीला मिळते. आणि मातीवर आच्छादन, हे सगळ्यात महत्त्वाचं. केळीची वाळलेली पानं आपल्याकडं पाहिजे तेवढी मिळतात, रावेर-यावलकडं कोणी ओळखीचं असेल तर गाठोडं भरून आणा, हातानं फाडून तीन बोटं जाड थर द्या, खोडाला चिकटवू नका. पाणी निम्म्यावर येतं म्हणा ना, मी तर दोन वेळच्या ऐवजी एकदाच देते मग.

खत या दिवसांत बंद. छाटणी बंद. मिरची, गोडलिंब, कोरफड, तुळस, शेवगा एवढं टिकलं तरी वर्ष चांगलं गेलं समजा. ज्या पिशव्या रिकाम्या झाल्या त्यांची माती कागदावर पसरून मे महिन्याच्या उन्हात आठ दिवस तापवा, अळ्या-बुरशी बऱ्याच जातात, मग त्याच्यात तिसरा हिस्सा नवीन खत मिसळून मृगापर्यंत झाकून ठेवा.

बी ठेवणं

गिलक्याचा हंगाम संपताना वेलावरचं एक चांगलं, सरळ फळ तोडू नका. त्याला एक लाल दोरा बांधा म्हणजे घरातलं कोणी चुकून भाजीला नेणार नाही. ते वेलावरच तपकिरी होऊ द्या, हलवलं की खुळखुळ वाजायला लागतं तेव्हा काढा. टोक मोडून उलटं धरलं की बिया खाली पडतात, दोन दिवस सावलीत वाळवा, कोरडी राख लावून काचेच्या बरणीत ठेवा आणि वर्षाची चिठ्ठी चिकटवा. पाकिटावर संकरित लिहिलेलं बी असेल तर त्याचं पुढं तसंच फळ येत नाही, म्हणून सुरुवातीलाच शेजारच्या, गावाकडच्या कोणाकडून साधं गावठी बी मागून घ्या. माझ्याकडचं गिलकं चोपड्याहून आईनं दिलेल्या सात बियांचं आहे. आता आमच्या गल्लीत चार घरांच्या गच्चीवर तेच चढलेलं असतं, आणि रिकाम्या फळाच्या जाळीनं आम्ही भांडी घासतो.